हजार खुणा, पण साक्षीदार किती?

ग्रंथालयातील एखादे जुने, पुष्कळांनी हाताळलेले जाड पुस्तक घ्या. ते कण्यावर उभे धरा आणि दोन्ही हात हलकेच बाजूला घ्या. पुस्तक आपोआप उघडेल. पण ते कोणत्याही पानावर उघडत नाही. पुनःपुन्हा करून पाहिले, तर ते बहुधा एकाच ठिकाणी उघडते असे दिसेल. आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील पदार्थविज्ञानाचे एक पुस्तक दर वेळी भिंगांच्या गणितांपाशी उघडते. वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांनी ते पान दाबून धरले, समोर वही ठेवून गणिते उतरवून घेतली आणि कण्यावर तेथे कायमची घडी पडली. "येथे महत्त्वाचे काही आहे" असे कोणी लिहून ठेवलेले नाही, तरीही नव्या विद्यार्थ्याला ते कळते. अनोळखी माणसांनी स्वतःच्या सोयीसाठी केलेली खूण त्याला उपयोगी पडते.

आता दुसरी गोष्ट ऐका. इंदापूर तालुक्यात माझ्या मामांची डाळिंबाची बाग आहे. एका पावसाळ्यात फळांवर तेलकट डाग दिसू लागले. आमच्याकडे या रोगाला 'तेल्या' म्हणतात. मामांनी मोबाइलवर एका औषधाची जाहिरात दाखवली. खाली दोन हजारांहून अधिक लोकांची पसंती होती आणि पाचपैकी जवळजवळ पाच तारे होते. मामा म्हणाले, "तू शिकलेला आहेस, तूच बघ." मी आकडा पाहिला आणि म्हणालो, "मामा, एवढी माणसं चुकीची कशी असतील? मागवा." औषध आले, फवारले, पण डाग वाढतच गेले. हंगामाचा मोठा भाग हातचा गेला. नंतर मी ती मते एकेक करून वाचली. त्यांतील कितीतरी शब्दशः सारखी होती आणि दोन-तीन दिवसांतच लिहिलेली होती.

पुस्तकाच्या पानाने मला फसवले नाही, बाटलीने फसवले. दोन्हीकडे मी अनोळखी माणसांच्या खुणांवरच विश्वास ठेवला होता. मग फरक कोठे होता? आज आपण याच प्रश्नाचा विचार करणार आहोत.

खुणांचे सार्वजनिक कपाट

इंटरनेटवरील पाने अगणित. आवडलेले पान पुन्हा सापडावे म्हणून आपण संगणकात त्याचा पत्ता साठवतो. ही झाली आपली खासगी खूणचिठ्ठी. न्यूयॉर्कमधील एका वित्तसंस्थेत काम करणाऱ्या जोशुआ शॅक्टर या तरुणाने २००३ साली 'डिलिशस' नावाची एक सेवा सुरू केली. तिच्यात या खुणा आपल्या संगणकात न ठेवता एका सामाईक ठिकाणी ठेवायच्या होत्या. त्यामुळे एकाची खूण सर्वांना दिसे, आणि एखादे पान किती जणांनी जपून ठेवले आहे हेही कळे. या प्रकाराला 'सोशल बुकमार्किंग' असे नाव मिळाले. आपण त्याला सामाईक खूणनोंद म्हणू. याच सुमारास स्टंबलअपॉन, डिग (२००४) आणि रेडिट (२००५) या जवळपासच्या सेवाही पुढे आल्या. डिग व रेडिटवर वाचक एखाद्या दुव्याला वर किंवा खाली मत देत आणि त्या मतांवरून दुव्याचे स्थान ठरे.

डिलिशसमधील खरी गंमत खुणेबरोबरच्या शब्दांत होती. ग्रंथालयात एक पुस्तक एकाच फळीवर बसते. उजनी धरणावरचे पुस्तक भूगोलात ठेवायचे, स्थापत्यात ठेवायचे की पक्षिविज्ञानात? ही अडचण आपल्या शि. रा. रंगनाथन यांनी फार पूर्वी ओळखली होती. ते मुळात गणिताचे अध्यापक. पुढे मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३३ मध्ये त्यांनी द्विबिंदू वर्गीकरणाची पद्धत प्रसिद्ध केली. विषयाचे निरनिराळे पैलू वेगळे करायचे आणि ते जोडून पुस्तकाचा क्रमांक तयार करायचा, अशी तिची कल्पना होती. डिलिशसमध्ये मात्र ग्रंथपालच नव्हता. ज्याला जो शब्द सुचेल तो त्याने चिकटवावा. एकाने 'धरण', दुसऱ्याने 'भीमा', तिसऱ्याने 'पक्षी', चौथ्याने 'मासेमारी'. एकच पान चारही फळ्यांवर! लोकांनी मिळून केलेल्या या वर्गीकरणाला थॉमस व्हँडर वॉल यांनी २००४ मध्ये एक इंग्रजी नाव दिले. आपण त्याला 'लोकवर्गीकरण' म्हणू शकतो.

यात अडचणीही आहेत. भिगवणजवळ उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात गुलाबी पंखांचे उंच पक्षी उतरतात. त्यांना कोणी 'रोहित' म्हणतो, कोणी 'अग्निपंख', कोणी 'फ्लेमिंगो'. एका शब्दाने शोधणाऱ्याला बाकीच्या दोन शब्दांखालची पाने सापडत नाहीत. शिवाय 'रोहित' हा शब्द टाकला की पक्ष्याऐवजी क्रिकेटपटूच समोर येण्याची शक्यता अधिक! तरीही एक गोष्ट आश्चर्याची आहे. गोल्डर व ह्यूबरमन या संशोधकांनी डिलिशसचा अभ्यास केला. एखाद्या पानावर साधारण शंभर खुणा पडल्या की त्यावरील शब्दांचे परस्पर प्रमाण जवळजवळ स्थिर होते, असे त्यांना आढळले. हे स्थैर्य कसे येते हे पुढील प्रयोगात दिसेल.

खुणेला बाजारभाव आला

आता व्यापाऱ्याच्या बाजूने पाहू. ज्या पानावर पुष्कळ खुणा ते वर दिसते, आणि जे वर दिसते तेथे गिऱ्हाईक जाते. म्हणून आपले पान योग्य शब्दांसह या सेवांवर नोंदवणे हा जाहिरातीचा एक मार्ग ठरला. त्यात गैर काही नाही. दुकानावर पाटी लावण्यासारखेच ते आहे.

पण आणखी एक कारण होते. सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी १९९८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात असताना शोधयंत्रासाठी एक नवी रीत मांडली. एका पानावरून दुसऱ्या पानाकडे दिलेला दुवा म्हणजे एक मत. मात्र सर्व मते सारखी नाहीत. ज्या पानाचे स्वतःचे वजन अधिक, त्याच्या मताचे वजन अधिक. एखाद्या पानाचे वजन ६ असेल आणि त्यावरून तीन दुवे निघत असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला ढोबळमानाने २ वजन येते. मूळ सूत्रात आणखी एक गुणक आहे, पण गाभा हाच. गूगल हे शोधयंत्र या कल्पनेवर उभे राहिले.

मग काय झाले असेल हे तुमच्या ध्यानात आलेच असेल. दुवा म्हणजे मत, तर मते तयार करा! निरनिराळ्या नावांनी शेकडो खाती उघडायची, खूणनोंदीच्या शेकडो ठिकाणी आपल्याच पानाचे दुवे टाकायचे आणि शोधयंत्राला भासवायचे की जग आपल्यालाच पसंत करते आहे. पैसे घेऊन हे काम करून देणारे निघाले. २००५ च्या जानेवारीत गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टच्या एमएसएनने एका चिन्हाला मान्यता दिली. ते चिन्ह दुव्याला जोडले की तो मत म्हणून मोजला जाऊ नये. अनेक खूण-सेवांनी ते वापरले. २०१२ च्या एप्रिलमध्ये गूगलने 'पेंग्विन' नावाचा बदल करून कृत्रिम दुवे जमवणाऱ्या पानांना खाली ढकलण्यास सुरुवात केली. विकत घेतलेल्या खुणा काहींना उलट महागात पडल्या.

ज्यांच्यापासून हे सुरू झाले त्या सेवांचे काय झाले? डिलिशस २००५ च्या डिसेंबरात याहूने विकत घेतली. पुढे मालक बदलत गेले आणि २०१७ मध्ये तेथे नव्या खुणा घेणे बंद झाले. स्टंबलअपॉन २०१८ च्या जूनमध्ये मिटली. नावे गेली, पण रीत गेली नाही. आज व्हिडिओखालचा अंगठा, नकाशावरील हॉटेलाचे तारे, वस्तूखालची मते ही सारी त्याच खूणचिठ्ठीची भावंडे आहेत.

चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये एक विचार मांडला होता. त्याचा आशय असा, की मोजमाप हेच जेव्हा साध्य बनते तेव्हा ते चांगले मोजमाप राहत नाही. शाळा बुडवू पाहणारा मुलगा तापमापी गरम चहात बुडवतो, तेव्हा तापमापीवरचा आकडा चढतो, ताप चढत नाही! तापमापी बिघडलेली नसते. मुलाचे शरीर आणि आकडा यांच्यामधला संबंध मात्र तुटलेला असतो.

प्रयोगशाळेतील नक्कल

खोट्या खुणा वगळल्या तर प्रश्न सुटेल असे तुम्ही म्हणाल. पण सर्व खुणा प्रामाणिक असल्या तरी एक धोका उरतोच, आणि तो अधिक सूक्ष्म आहे. तो समजण्यासाठी शाळेच्या प्रयोगशाळेत जाऊ.

साध्या लंबकाचा आवर्तकाल मोजायचा आहे. घड्याळ चालू-बंद करण्यात प्रत्येकाकडून साधारण ०.२ सेकंदाची चूक होते असे समजू. कोणाची अधिक, कोणाची उणी. पंचवीस विद्यार्थ्यांनी आपापले स्वतंत्र वाचन घेतले आणि सरासरी काढली, तर अधिक-उण्या चुका परस्परांना बऱ्याच खोडतात. अशा वेळी सरासरीतील चूक वाचनांच्या संख्येच्या वर्गमुळाने कमी होते. २५ चे वर्गमूळ ५, म्हणून चूक ०.२ ÷ ५ = ०.०४ सेकंद. शंभर जणांनी मोजले तर ०.०२ सेकंद. मोठ्या संख्येवर आपण विश्वास ठेवतो त्याचा शास्त्रीय आधार हाच.

पण शिक्षकांना एक गोष्ट ठाऊक असते. कधी कधी पहिला विद्यार्थी वाचन घेतो आणि बाकीचे चोवीस त्याच्या वहीतून ते उतरवून घेतात. वह्या पंचवीस, आकडे पंचवीस, सरासरीही पंचवीसांची. चूक मात्र पूर्वीइतकीच, ०.२ सेकंद! पंचवीस वह्या आहेत, पण साक्षीदार एकच आहे.

पूर्ण नक्कल न करता फक्त थोडे डोकावून पाहिले तर? शिक्षकांसाठी आणि वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांसाठी हे सूत्र पाहा. प्रत्येक दोन मतांमधील सहसंबंध गुणांक r असेल, तर N मतांचे मोल फक्त N ÷ [१ + (N − १) r] स्वतंत्र मतांइतके असते. N = १००० आणि r = ०.१ घ्या. छेद होतो १ + ९९९ × ०.१ = १००.९. भागाकार ९.९. म्हणजे परस्परांच्या मताचा एवढासा वारा लागला तरी हजार मतांचे मोल अवघ्या दहा स्वतंत्र मतांइतके उरते. सूत्रात r = ० आणि r = १ घालून पाहा. पहिल्यात हजार साक्षीदार मिळतात, दुसऱ्यात एकच.

चिठ्ठ्यांचा प्रयोग

लोक खुणा पाहून खुणा करतात, तेव्हा काय होते हे वर्गातच पाहता येते. वर्गाचे आठ गट करा. प्रत्येक गटाला एक डबा आणि लाल व निळ्या कागदाच्या सारख्या घडीच्या प्रत्येकी २१ चिठ्ठ्या लागतील.

१. डब्यात एक लाल आणि एक निळी चिठ्ठी टाका.
२. डबा हलवा. न पाहता एक चिठ्ठी काढा.
३. ती परत टाका आणि त्याच रंगाची आणखी एक चिठ्ठी डब्यात घाला.
४. असे वीस वेळा करा. शेवटी डब्यात २२ चिठ्ठ्या असतील. त्यांतील लाल किती ते फळ्यावर लिहा.

येथे प्रत्येक चिठ्ठी म्हणजे एक खूण. ज्या रंगाच्या खुणा अधिक, तो रंग हाती येण्याचा संभव अधिक, आणि हाती आला की त्याच्या खुणेत भर. सुरुवातीला दोन्ही रंग अगदी समान होते हे विसरू नका.

फळ्यावरचे आठ आकडे परस्परांशी मुळीच जुळणार नाहीत. एका गटाकडे १८ लाल, दुसऱ्याकडे ५, तिसऱ्याकडे ११ असे काहीही येऊ शकते. असे का बरे व्हावे? पहिल्या दोन वेळांचे गणित करू. दोन्ही वेळा लाल येण्याची संभाव्यता १/२ × २/३ = १/३. दोन्ही वेळा निळी येण्याचीही १/३. एक लाल, एक निळी येण्याची उरलेली १/३. तिन्ही निकाल सारखेच संभाव्य! नाणे दोनदा उडवले असते तर याच संभाव्यता १/४, १/४ आणि १/२ आल्या असत्या. हेच गणित पुढे नेले तर वीस वेळांनंतर लाल चिठ्ठ्या १ पासून २१ पर्यंत कितीही असू शकतात आणि प्रत्येक निकालाची संभाव्यता १/२१ असते. लाल चिठ्ठ्या ८ ते १४ या मधल्या पट्ट्यात येण्याची संभाव्यता ७/२१, म्हणजे एक-तृतीयांश. नाणे वीस वेळा उडवून त्यानुसार चिठ्ठ्या घातल्या असत्या, तर त्याच पट्ट्यात येण्याची संभाव्यता सुमारे ८८ टक्के असती. या प्रयोगाला गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांचे नाव दिले जाते.

प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसेल. सुरुवातीच्या चार-पाच चिठ्ठ्यांत प्रमाण जोराने वरखाली होते. नंतर ते शांत होते. कारण सोपे आहे. डब्यात दोन चिठ्ठ्या असताना एकीची भर पडली तर प्रमाण ५० टक्क्यांवरून ६७ टक्क्यांवर जाते. शंभर असताना एकीची भर पडली तर फरक एक टक्क्याहूनही कमी. डिलिशसवर शंभरेक खुणांनंतर शब्दांचे प्रमाण स्थिर का होई, याची किल्ली येथे आहे. पण जे स्थिर झाले ते सत्यच आहे असे मात्र नव्हे. तुमच्या आठही डब्यांत प्रमाण स्थिर झाले, पण प्रत्येकात निराळे!

खऱ्या माणसांवर पडताळा

माणसे म्हणजे चिठ्ठ्या नव्हेत, त्यांना आवडनिवड असते, असा आक्षेप तुम्ही घ्याल. तो योग्यच आहे. साल्गानिक, डॉड्स आणि वॉट्स या संशोधकांनी २००६ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात असाच एक प्रयोग प्रसिद्ध केला. १४,३४१ लोकांना अपरिचित गायकवृंदांची ४८ गाणी ऐकण्यास दिली. काहींना इतरांची निवड दिसत नव्हती. इतरांना आठ वेगवेगळ्या 'जगांत' वाटले होते. प्रत्येक जगातील माणसाला फक्त त्याच जगात कोणते गाणे किती वेळा उतरवून घेतले गेले ते दिसे. आठही जगांत गाणी तीच. तरीही लोकप्रिय ठरलेली गाणी जगागणिक वेगळी निघाली. फार चांगली गाणी क्वचितच तळाला गेली आणि फार वाईट क्वचितच वर आली. मधल्या गाण्यांचे नशीब मात्र कोठेही जाऊ शकत होते.

दुसरा प्रयोग आपल्या विषयाला अगदी लागून आहे. मुचनिक, अरल आणि टेलर यांनी २०१३ मध्ये तो प्रसिद्ध केला. बातम्यांचे दुवे नोंदवून त्यांवर मते देण्याच्या एका ठिकाणी लोकांच्या १,०१,२८१ टिप्पण्या घेतल्या. त्यांतील काहींना, चिठ्ठी टाकून निवडल्यासारखे, सुरुवातीलाच एक खोटे अनुकूल मत दिले. एकच! नंतर येणाऱ्या पहिल्या वाचकाने अनुकूल मत देण्याची शक्यता त्यामुळे ३२ टक्क्यांनी वाढली आणि अखेरची गुणसंख्या सरासरीने २५ टक्क्यांनी अधिक भरली. खोटे प्रतिकूल मत दिले तेव्हा मात्र पुढच्या वाचकांनी ते बरेचसे भरून काढले. म्हणजे निंदा पाहून आपण सावध होतो, स्तुती पाहून होत नाही. नवी वस्तू बाजारात आणणारा विक्रेता पहिली काही मते विकत घेण्यास इतका उतावीळ का असतो, हे आता कळले ना?

चांगली खूण कशी असते?

तर मग खुणांवर विश्वासच ठेवू नये काय? तसे नाही. भिगवणजवळच्या कुंभारगावचे उदाहरण घ्या. येथील मच्छीमार पर्यटकांना नावेतून पक्षी दाखवतात, काही घरांत राहण्या-जेवण्याची सोय होते. येणारे पक्षिनिरीक्षक आपल्या नोंदी 'ई-बर्ड' या उपक्रमात ठेवू शकतात. तो कॉर्नेल विद्यापीठाची पक्षिविज्ञान प्रयोगशाळा आणि ऑड्युबन सोसायटी यांनी २००२ मध्ये सुरू केला. तेथे नुसता अंगठा चालत नाही. तारीख, ठिकाण, निरीक्षण केव्हा सुरू केले, किती वेळ केले, कोणत्या जातीचे किती पक्षी दिसले हे लिहावे लागते. दिसलेल्या व ओळखता आलेल्या सर्व जाती नोंदवल्या की मोजक्याच, हेही सांगावे लागते. चमत्कारिक वाटणारी नोंद जाणकार तपासतात. अशी खूण म्हणजे साक्ष. ती दुसऱ्याला पडताळून पाहता येते.

आता समजा, कुंभारगावातील एका कुटुंबाला आपली नाव व खानावळ लोकांना कळवायची आहे. त्याच्यापुढे दोन मार्ग आहेत. पहिला, पाचशे तारे विकत घेणे. दुसरा, प्रवाशाला खरोखर हवी ती माहिती एका पानावर देणे: कोणत्या महिन्यात कोणते पक्षी, नाव किती वाजता निघते, दर काय, भिगवण रेल्वे स्थानकावरून कसे यायचे, आणि 'रोहित', 'अग्निपंख', 'फ्लेमिंगो' ही तिन्ही नावे. असे पान वाचक स्वतःच्या सोयीसाठी जपून ठेवतात आणि मित्रांना पाठवतात. ग्रंथालयातील पुस्तकाच्या कण्याला पडते तशी ही घडी आपोआप पडते. तिला वेळ लागतो, पण ती उसनी नसते.

ग्राहकाच्या बाजूनेही काही हालचाल झाली आहे. भारतीय मानक ब्यूरोने २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये 'आयएस १९०००:२०२२' हे मानक प्रसिद्ध केले. वस्तूंविषयीची ग्राहकांची मते कशी गोळा करावीत, तपासावीत आणि प्रसिद्ध करावीत याची तत्त्वे त्यात आहेत. ते आले तेव्हा ऐच्छिक होते. पण कोणतेही मानक आपल्या डोळ्यांची जागा घेऊ शकत नाही. मते पाहताना स्वतःला चार प्रश्न विचारा. मत देणाऱ्याने स्वतः काय केले व काय पाहिले हे लिहिले आहे काय? मते बऱ्याच काळात पसरलेली आहेत की एकाच आठवड्यात कोसळली आहेत? निरनिराळ्या माणसांचे शब्द निरनिराळे आहेत काय? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ती वस्तू न वापरता काय झाले असते हे कोणी सांगितले आहे काय?

शेवटचा प्रश्न मी मामांच्या बागेत विचारायला हवा होता. तेल्या हा जिवाणूंमुळे होणारा रोग आहे. तो पावसाच्या उडणाऱ्या थेंबांबरोबर पसरतो. पाऊस ओसरला की त्याचा जोरही कमी होतो. म्हणजे पाऊस थांबण्याच्या सुमारास कोणी काहीही फवारले तरी 'गुण आला' असे वाटू शकते, आणि तो माणूस अगदी प्रामाणिकपणे पाच तारे देऊन मोकळा होतो! ज्या झाडांवर फवारलेच नाही त्यांच्याशी तुलना केल्याखेरीज औषधाचा गुण कळत नाही. बारामतीला कृषी विज्ञान केंद्र आहे, सोलापूरला २००५ पासून डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. अशा ठिकाणी हीच तुलना पद्धतशीरपणे केली जाते. एक फोन किंवा एक फेरी पुरली असती. मी दोन हजारांचा आकडा पाहिला आणि साक्षीदार किती हे मोजले नाही. चूक औषध विकणाऱ्याची होती, तशी वर्गात दरसाल प्रायोगिक चुका शिकवणाऱ्या माझीही होती.

मामांनी मला त्यावरून कधी बोल लावला नाही. मात्र आता कोणी नवे काही सुचवले की ते आधी केंद्रात विचारून येतात. मग बांधाकडच्या चार झाडांवर ते वापरतात, शेजारची चार तशीच ठेवतात आणि वहीत तारीख टाकतात. गेल्या दिवाळीत त्यांनी ती वही मला दाखवली. तिच्यात एकही तारा नव्हता.

करून पाहा, विचार करा

१. चिठ्ठ्यांचा प्रयोग एक लाल व एक निळी याऐवजी दहा लाल व दहा निळ्या चिठ्ठ्यांनी सुरू करा. आठ गटांचे निकाल आता एकमेकांच्या अधिक जवळ येतात की दूर जातात? का?

२. त्याच प्रयोगात सुरुवातीला दोन लाल व एक निळी घ्या. ही जादा लाल चिठ्ठी म्हणजे 'विकत घेतलेली पहिली खूण' समजा. पहिल्या दोन वेळी दोन्ही लाल येण्याची संभाव्यता काढा. (उत्तर : १/२)

३. एका बरणीत हरभरे भरा. अर्ध्या वर्गाला अंदाज गुपचूप कागदावर लिहायला सांगा. उरलेल्या अर्ध्या वर्गाला एकेक करून फळ्यावर लिहायला सांगा. दोन्ही गटांच्या आकड्यांचा पसारा आणि सरासरी यांची तुलना करा. शेवटी हरभरे मोजा.

४. तुमच्या घरात मते पाहून घेतलेली एखादी वस्तू निवडा. तिच्याखालची वीस मते वाचा आणि त्यांतील 'साक्षी' किती व नुसत्या 'खुणा' किती ते मोजा.